तिनशिंग्या कोणाच्या घरचा?

आमच्या विज्ञान मंडळाची एक नोंदवही आहे. ती माझ्याकडे असते, कारण माझं अक्षर बरं आहे आणि मी बोलत नाही. कवटी कोणाची, कुठे सापडली, दात किती, एवढंच त्यात लिहायचं असं वानखडे सरांनी सांगितलं होतं. पण मंडळात रोज असं काहीतरी घडायचं की ते कुठल्या रकान्यात लिहावं हेच कळेना! मग मी वही उलटी केली आणि मागून लिहायला लागले. पुढून एकोणीस पानं भरली, मागून बेचाळीस! आता मधे तीनच पानं कोरी उरलीत. कुसुम म्हणते, "शालू, दोन्ही बाजू एकमेकींले भिडायच्या आत मैत्रिणींले वाचून दाखवू." म्हणजे ती वाचणार आणि मी शेजारी बसणार.

* * *

सगळं सुरू झालं ते चिवड्यापासून.

वानखडे सर आम्हाला सायन्स शिकवतात. एकदा खामगावच्या बाजारात त्यांनी चिवडा घेतला. अमडापूरला घरी येऊन पुडी सोडली, तर कागद कुठल्यातरी इंग्रजी पुस्तकाचा! त्यावर पाच कवट्यांची चित्रं, आणि त्याही शिंगंवाल्या डायनोसॉरच्या! सर दुसऱ्या दिवशी ते तेलकट पान दोन बोटांत धरून वर्गात आले.

पाचही जणांना पोपटासारखी चोच आणि डोक्यामागे हाडाची रुंद झालर. प्राण्यांची नावं तेलात गेली होती. तळाशी एकच वाक्य लागत होतं. सरांनी ते मराठीत सांगितलं, "या पाच कवट्या नीट पाहिल्या, तर कोण कोणाच्या जवळचा हे कळतं. ते असं, की..."

आम्ही सगळे पुढे वाकलो. "कसं की, सर?"

"पुढचं पान दुसऱ्या कोणाच्या चिवड्याला गेलं!"

मग सर म्हणाले, ते नातं आपणच शोधू. असं आमचं मंडळ शाळेतल्या एका रिकाम्या खोलीत सुरू झालं. मुलं पाच, मुली दोन, कुसुम आणि मी. प्रमुख शेषराव. तो दहावीत आहे. त्याच्या घरी चार बैलजोड्या, म्हणून शिंगांतलं सगळं आपल्यालाच कळतं असं त्याचं मत.

पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "सर, यांले नांगराले जुंपत होते का?"

"शेषराव, त्या काळी माणूसच नव्हता."

शेषरावने थोडा विचार केला आणि मान हलवली. "मंग बरोबर हाये. म्हणूनच मेले. चारापाणी पाहायले कोनी नाई!"

* * *

नावं आम्हीच ठेवली. ज्याला शिंगच नाही तो भुंड्या. नाकावर एक भलं मोठं शिंग तो नाकाड्या. नाकावर शिंग आणि झालरीच्या कडेला काटेच काटे तो काटेऱ्या. डोळ्यांवर दोन लांब शिंगं, नाकावर एक छोटंसं, आणि झालर पदरासारखी मागे लांबच लांब गेलेली तो पदऱ्या. आणि पाचवा तिनशिंग्या. डोळ्यांवर दोन लांब, नाकावर एक छोटं, पण झालर आखूड.

हा तिनशिंग्या नक्की कोणाच्या घरचा, यावरून पुढे आमच्यात काय काय झालं ते येईलच!

सर म्हणाले, आधी खऱ्या कवट्या हाताळा. मग मुलं नाल्याकाठून, माळावरून कवट्या आणायला लागली. शेळी, मेंढी, म्हैस, एक हरणाचं अर्धं डोकं. गावात आमचं नाव पडलं 'हाडकं मंडळ'. कुसुमची आई तिला घरात घेण्याआधी अंगणात हात धुवायला लावायची, आणि वर विचारायची, "आज कोनाचं टकुरं पाहून आलीस बाई?"

बैलाची कवटी मात्र मिळेना. घरचा बैल गेला की आपल्याकडे तो आपल्याच वावरात पुरतात. त्याला कोण उकरू देणार? शेवटी आमच्या शाळेचे शिपाई गणपतमामा एका सकाळी खांद्यावर पोतं घेऊन आले. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, जपून उघडलं आणि म्हणाले, "हा माहा सर्जा. जाऊन पाच वर्षं झाले. वावरात पडून काय करते, शिकू द्या त्याले!"

त्या दिवसापासून रोज शाळा झाडून झाली की गणपतमामा आत येतात, सर्जाच्या कपाळावरून हात फिरवतात आणि घंटा द्यायला जातात. घंटेला दोन मिनिटं उशीर होतो. हेडमास्तरांना कारण अजून कळलेलं नाही!

* * *

आठ दिवसांनी मामांनी दुसरी कवटी आणली. ती राजाची, त्यांच्या दुसऱ्या बैलाची.

शेषराव दोन्ही कवट्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. सर्जाची शिंगं बारीक, गुळगुळीत, टोकदार. राजाची जाड, खरबरीत, वळ्यावळ्यांची. "पाहा," तो म्हणाला, "हे दोन येगयेगळे खानदान हायेत. सर्जा डोंगराकडचा, राजा घाटाखालचा. लिही गं शालू!" मी लिहिलं. शाईने.

दारात गणपतमामा झाडू घेऊन हसत होते. हसता हसता खालीच बसले. "अरे बाबू, दोघं एकाच गाईचे हायेत! सर्जाचे शिंगं मी दर पोयाले सायत होतो. राजा हात लावू देत नव्हता!"

पोळ्याला शिंगं साळणं, तासून गुळगुळीत करणं, कोणाला माहीत नाही? शेषरावने तर कितीदा स्वतः साळली असतील! पण कवटी टेबलावर आली आणि तो ते विसरलाच. मीही विसरले आणि शाईने लिहून बसले.

सरांनी मात्र टाळी वाजवली. त्यांनी सर्जाचं शिंग धरलं आणि हळूहळू फिरवून ओढलं. म्यानातून तलवार निघावी तसं वरचं कवच निघून आलं! आत हाडाचा सोट. राजाचंही काढलं. आतले दोन्ही सोट अगदी सारखे! आम्ही सगळे ओरडलो. मीसुद्धा ओरडले, पण सगळ्यांबरोबर, म्हणून कोणाला कळलं नाही.

सर म्हणाले, "शिंग वरून पाहू नका. ते हाडातून कुठे निघतं आणि मुळाशी केवढं आहे, ते पाहा."

मामांनी कवच परत घेतलं आणि सर्जाच्या डोक्यावर बसवलं. "पाव्हन्यांसमोर टोपी काढत नसतेत," ते म्हणाले.

* * *

कुठल्या खुणेवरून नातं ठरवायचं, हे सांगायला सरांनी वर्गात विचारलं, "दोन डोळे ज्यांना आहेत, त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर.

"म्हणजे तुम्ही सगळे सख्खे भाऊबहीण का?"

"नाई, सर!"

"बरोबर. जे सगळ्यांकडेच असतं, त्यावरून जवळचं नातं कळत नाही. जे थोड्यांकडेच आहे, ते पाहा. आता सांगा, डोक्यात दोन भोवरे कोणाला आहेत?"

शेषराव आणि त्याचा चुलतभाऊ उभे राहिले. मागून कोणीतरी ओरडलं, "यांचे दोन दोन लग्न होनार!" तेवढ्यात हेडमास्तर दारातून आत आले. उकाडा होता म्हणून टोपी हातात होती. ते फळ्याकडे वळले आणि आम्हाला त्यांचं डोकं मागून दिसलं. दोन भोवरे!

आणि शेषराव म्हणाला, "सर, मंग हेडमास्तर सर माहे काका लागतेत का?"

मला वाटलं, आता छडी येणार! हेडमास्तरांनी टोपी घातली, शेषरावकडे बघितलं, पुन्हा एकदा नीट बघितलं आणि विचारलं, "तुझ्या आजीचं माहेर कुठलं रे?"

"पिंपळगाव राजा."

"कोणाच्या घरची?"

शेषरावने सांगितलं.

हेडमास्तरांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "लागतो."

* * *

काका झाले म्हणून हेडमास्तर काही नरम पडले नाहीत! महिन्याभराने त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, "खामगावला शाळांचं विज्ञान प्रदर्शन आहे. तिथे तुमच्या मुलांनी नीट उत्तरं दिली, तर ही खोली हाडांची. नाहीतर इथे शिवणाच्या मशिनी येतील, आणि तुमचा सर्जा जाईल परत वावरात."

आम्ही जोरात कामाला लागलो! कुंभाराकडून माती आणली आणि पाच डोकी केली. चित्रावर दोरा लावून मापं घ्यायचं काम माझं होतं. नाकपुडीपासून डोळ्यापर्यंत किती, झालर किती, शिंगाचं मूळ किती. दोऱ्याला गाठी मारायच्या आणि त्याच्या चौपट मापाचं डोकं करायचं. शिंगं शेषरावने केली. आत पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, काडी, वर माती. काटेऱ्याला बाभळीचे काटे लावले.

तक्ता काढायला मोठा कागद नव्हता. शाळेत नव्या महाराष्ट्राचा नकाशा आला होता, म्हणून जुन्या मुंबई राज्याचा नकाशा सरांनी मागितला आणि त्याच्या पाठीवर आम्ही डायनोसॉरचं घराणं काढलं.

शेषराव म्हणाला, "सोपं हाये. नाकाड्या, काटेऱ्या, तिनशिंग्या, तिघायची झालर आखूड. एक घर! पदऱ्याची लांब. त्याचं घर येगळं. भुंड्या सगळ्यायचा पणजोबा, त्याच्या वक्ताले शिंगं निघालेच नव्हते."

सगळ्यांना पटलं. मला पटलं नाही.

माझ्या दोऱ्याच्या गाठी दुसरंच सांगत होत्या. तिनशिंग्याचं तोंड लांब, अगदी पदऱ्यासारखं. डोळ्यांवरच्या शिंगांचं मूळ जाड आणि नाकावरचं बारीक, तेही पदऱ्यासारखंच. नाकाड्या आणि काटेऱ्याचं नेमकं उलटं. आणि आखूड झालर तर भुंड्यालाही आहे! जी वस्तू पणजोबापासून चालत आली, तिच्यावरून सख्खे भाऊ कसे ठरवायचे?

सरांनी विचारलं, "कोणाला काही म्हणायचंय?" आणि माझ्याकडे पाहिलं.

मी वाक्य तयार केलं. ते घशापर्यंत आलं. तेवढ्यात माझी पेन्सिल खाली पडली, म्हणून मी बाकाखाली वाकले आणि घंटा होईपर्यंत शोधत राहिले. वर आले तेव्हा कुसुम म्हणाली, "अगं, तुझ्या हातातच तर हाये!"

* * *

पण चुकीचा तक्ता खामगावला गेला आणि तिथे कोणी विचारलं, तर? खोली जाईल, सर्जा जाईल.

शेवटी मी एक चिठ्ठी लिहिली. 'तिनशिंग्या पदऱ्याच्या घरचा आहे. कारण तीन.' खाली तिन्ही कारणं. सरांच्या टेबलावर ठेवायची हिंमत झाली नाही, म्हणून सर्जाच्या डोळ्याच्या खोबणीत घडी करून ठेवली. सर रोज ती कवटी उचलतात, त्यांना सापडेल असं वाटलं.

सापडली गणपतमामांना!

मामांना वाचता येत नाही. दुसऱ्या दिवशी येऊन पाहते, तर सर्जाच्या कपाळाला कुंकू, पुढे झेंडूचं फूल, आणि माझी चिठ्ठीही कुंकू लावून परत खोबणीत! मामा सगळ्यांना सांगत होते, "कोनीतरी माह्या सर्जाले नवस बोललं!"

तिसऱ्या दिवशी खोबणीत सात चिठ्ठ्या होत्या.

सरांनी त्या सगळ्यांसमोर उघडल्या. 'मॅट्रिकात गणित सुटू दे.' 'हरवलेली म्हैस सापडू दे.' 'आमच्या वर्गाला खेळाचा तास दोनदा मिळू दे.' आणि एक, 'खामगावचा पहिला नंबर आमालेच भेटू दे.' खाली सही, शेषराव!

"अरे, सही कशाला केलीस?" सरांनी विचारलं.

"सर, नाव नाई लिहिलं तं त्याले समजंल कसं?"

वर्ग हसत असतानाच सरांनी सातवी घडी उघडली. ती त्यांनी मनातल्या मनात वाचली. खूप वेळ वाचली. नोंदवहीमुळे माझं अक्षर त्यांना पाठ होतं. माझे कान इतके तापले की वाटलं, कुसुमला चटका बसेल!

सरांनी चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली. म्हणाले, "ही ज्याची आहे, त्याने सर्जाला नाही, आपल्या मंडळाला सांगावं. तोंडाने. तोपर्यंत तक्ता आहे तसा राहील. मी वाट पाहीन."

मी खाली पाहिलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. तक्ता तसाच राहिला.

नाराज झाले ते फक्त गणपतमामा. "सर, नवस पुरा व्हायच्या आंधी चिठ्ठी काढत नसतेत," ते म्हणाले आणि घंटा द्यायला गेले.

* * *

प्रदर्शनाला आम्ही एसटीने निघालो. मातीची डोकी एका टोपल्यात, वाळल्या गवतात. टोपलं वरच्या फळीवर. मामांच्या मांडीवर सर्जा, फडक्यात गुंडाळलेला. शिंगं बाहेर.

कंडक्टर दोन सीट मागे सरकला. "हे काय हो?"

"सर्जा."

"अहो, पण हे मुंडकं..."

"त्याच्यापायी भीती नाई. तो कोनाले मारत नव्हता." मामा खिडकीकडे सरकले आणि फडकं थोडं बाजूला केलं. "यानं खामगाव कधी पाह्यलंच नाई."

कंडक्टरने पुढच्या स्टॉपवर चढलेल्या एका बाईंना सांगितलं, "तिकडं नका बसू, तिथं सर्जा बसून राह्यला."

मग तो खड्डा आला. गाडी उडाली, टोपलं फळीवरून खाली आलं! डोकी गवतामुळे वाचली. पण शिंगं? सगळी तुटली! काही मातीचे तुकडे सीटखाली, काही पायांखाली चुरा. काटेऱ्याचे काटे एका आजोबांच्या धोतरात!

शेषराव गुडघ्यांवर बसून चुरा गोळा करत होता. महिनाभर त्याने ती शिंगं केली होती. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते आम्हाला दिसू नयेत म्हणून तो सीटखालून बाहेरच येईना. आतूनच म्हणाला, "आता सगळेच भुंडे झाले बे!"

* * *

आणि आता खामगाव!

मोठी शाळा, लांब व्हरांडा, सगळीकडे टेबलं. एका टेबलावर विजेची घंटा वाजत होती, एकावर पाण्याचं चक्र फिरत होतं. आमच्या टेबलावर पाच बोडकी डोकी आणि सर्जा. मागे भिंतीवर चुकीचा तक्ता. हेडमास्तर बाजूला उभे राहून टोपी सारखी करत होते.

पाहुणे म्हणून बाहेरगावच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आले होते. चष्मा कपाळावर, हात मागे. ते आमच्यापाशी थांबले आणि हसले. "शिंगंवाले डायनोसॉर, आणि शिंगं कुठायत?"

"एसटीत, सर," शेषराव म्हणाला.

"मग आता कोण कोणता हे कसं ओळखणार?" असं म्हणून त्यांनी पाचही डोकी उचलून इकडची तिकडे केली!

शेषरावने सरांकडे पाहिलं. सरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते माझ्याकडे पाहत होते. खिशावर हात ठेवून.

मी कोणाकडे पाहून बोलू शकले नसते. म्हणून मी सर्जाकडे पाहिलं आणि त्यालाच सांगायला लागले.

"शिंग गेलं तरी मूळ राहतं."

"जरा मोठ्याने, बाळ."

"शिंग गेलं तरी मूळ राहतं!" आवाज एवढा मोठा आला की शेजारच्या टेबलावरची घंटा वाजवणारा मुलगा थांबला! मी वेणीच्या रिबिनीत खोचलेला गाठींचा दोरा काढला. "हे पाहा. इथे नाकावर जाड मूळ आहे आणि डोळ्यावर बारीक. हा नाकाड्या. याचंही तसंच, आणि झालरीला काट्यांची भोकं आहेत. हा काटेऱ्या. हे दोघे सख्खे. ज्याला मूळच नाही तो भुंड्या. आता हा पदऱ्या. तोंड लांब, डोळ्यावर जाड, नाकावर बारीक. आणि हा तिनशिंग्या. तोंड लांब, डोळ्यावर जाड, नाकावर बारीक!" मी तिनशिंग्याला उचललं आणि पदऱ्याच्या शेजारी नेऊन ठेवलं.

शेषरावला राहवेना. एवढ्या लोकांत ओरडला, "अगं, पण झालर आखूड हाय त्याची!"

आणि मी त्याच्याकडे वळून म्हटलं, "भुंड्याचीबी आखूडच हाये! मंग काय तोबी त्याचा सख्खा भाऊ झाला का?"

शेषरावने भुंड्याकडे पाहिलं. तिनशिंग्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "हाव बे."

'बे' मुलं आपसांतच म्हणतात, मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मला इतका आनंद झाला!

प्राध्यापकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. माझ्या हातातून दोरा घेतला आणि सगळ्या गाठी स्वतः लावून पाहिल्या. दोनदा. "या तिनशिंग्यावरून मोठमोठी माणसं भांडतात," ते म्हणाले. "तू काढलेली कारणं भांडायला चांगली आहेत." हेडमास्तरांनी टोपीवरचा हात खाली घेतला. मग प्राध्यापकांनी वर भिंतीकडे बोट दाखवलं. "पण तुमचा तक्ता तर वेगळंच सांगतो?"

वानखडे सर पुढे आले. त्यांनी खिशातून माझी चिठ्ठी काढली, घडी उघडली आणि तक्त्यावर तिनशिंग्याच्या नावावर टाचणीने लावली.

प्राध्यापक वाकून वाचायला लागले. मग त्यांनी कागदावरून बोट फिरवलं. बोट लाल झालं. त्यांनी ते नाकाजवळ नेलं, चष्म्यातून पाहिलं आणि विचारलं, "यावर कुंकू कसलं?"

मागे गणपतमामा फडक्याने सर्जाचं कपाळ पुसत होते. त्यांनी वर न पाहताच सांगितलं,

"नवसाचं हाये, साहेब. पावला."